शिष्यवृत्ती मिळवावी कशी आणि टिकवावी कशी? लासूर स्टेशन परिसरातील पालक व विद्यार्थ्यांसाठी



बारावीचा निकाल लागला की लासूर स्टेशन व आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील घरांत आनंद आणि काळजी एकाच वेळी प्रवेश करतात. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली याचा आनंद आणि आता पुढे काय, ही काळजी. कांद्याला भाव मिळाला तर फी भरता येईल, नाही तर वर्षभर थांबू, असे म्हणणारे पालक आपल्या धर्मग्रामांत कमी नाहीत. एक वर्ष थांबलेली मुलगी पुढच्या वर्षी महाविद्यालयात जातेच असे नाही. बहुधा तिचे लग्न ठरते, मुलगा असेल तर तो कारखान्यात कंत्राटी कामावर जातो आणि शिक्षणाचे दार कायमचे बंद होते.

या विषयावर लिहिण्याचे कारण एकच आहे. अनेकदा पैसा उपलब्ध असतो, योजनाही असते, मुलाची पात्रताही असते, परंतु एखादा कागद वेळेवर न मिळाल्याने किंवा नियम ठाऊक नसल्याने ती मदत घरापर्यंत पोहोचत नाही. कधी ती पहिल्या वर्षी मिळते आणि दुसऱ्या वर्षी हातची जाते. अर्ज कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मिळालेली मदत पदवी हाती येईपर्यंत कशी टिकवावी हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या लेखात आम्ही दोन्ही गोष्टींचा विचार करणार आहोत.

एक जुने उदाहरण

शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे. तो अटी आणि मुदत असलेला एक करार असतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ती तीन वर्षांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी अशी तिची अट होती. पुढे ते लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

मुदतीचे भान ठेवणे, लेखी परवानगी घेऊन ठेवणे आणि एक दार बंद झाले तर दुसरे शोधणे या तीनही गोष्टी आजच्या विद्यार्थ्यालाही तितक्याच उपयोगी आहेत. याच बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या काळी आपल्या भागातील महाविद्यालयीन शिक्षणाचे सूत्र हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होते. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. आज हे विद्यापीठ लासूरहून रेल्वेने गाठता येते. अंतराचा प्रश्न बराचसा मिटला आहे, पैशाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

प्रथम आपला प्रवर्ग निश्चित करा

कोणत्या योजनेसाठी अर्ज करावा हे ठरविण्यापूर्वी आपण कोणत्या प्रवर्गात मोडतो हे निश्चित करणे आवश्यक आहे. आपल्या समाजात सर्वांत अधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडतो.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम केवळ हिंदू धर्मीयांना होता. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांना तो दर्जा देण्यात आला नाही. हा अन्याय आहे अशी ख्रिस्तसभेची भूमिका आहे आणि म्हणूनच १० ऑगस्ट हा दिवस काळा दिवस म्हणून पाळण्यात येतो. या प्रश्नी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. परंतु विद्यार्थ्याला अर्ज आज भरावयाचा आहे आणि तो आजच्या कायद्याप्रमाणेच भरावा लागेल.

आजच्या कायद्याप्रमाणे स्थिती अशी आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत समावेश आहे. म्हणजे अशा कुटुंबातील मुलांना इतर मागासवर्गीयांसाठी असलेल्या राज्याच्या सवलतींकरिता अर्ज करता येतो. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अट नाही. भिल्ल समाजातील ख्रिस्ती विद्यार्थ्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा कायम राहतो. जे या दोहोंत मोडत नाहीत, ते खुल्या प्रवर्गातून अथवा अटी पूर्ण होत असल्यास आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करू शकतात. याशिवाय सर्व ख्रिस्ती विद्यार्थी धार्मिक अल्पसंख्याक आहेतच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही घरांत मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म, दुसऱ्या भावंडाच्या दाखल्यावर दुसरा आणि धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत तिसरीच माहिती असे आढळते. यामागे गरिबी आहे, भीती आहे आणि एका अन्यायाचा लांबलचक इतिहास आहे. त्यामुळे कोणालाही दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तथापि परिणाम ठाऊक असले पाहिजेत. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या स्त्रीला अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्यात तर खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेला प्रवेश रद्द करण्याची, मिळालेली पदवी काढून घेण्याची व आर्थिक लाभ वसूल करण्याची तरतूद आहे. चार वर्षे अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाच्या वाट्याला शेवटच्या वर्षी हे येऊ नये असे वाटत असेल, तर कागद आधीच एकमेकांशी जुळवून घ्यावेत. शाळेच्या नोंदीतील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. दाखला हातात पडल्यावर तेच काम फार कठीण होते.

कोणत्या योजना आहेत?

योजनांची नावे अनेक आहेत. आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपयोगी पडतील अशाच योजनांचा येथे उल्लेख करतो.

*मुलींसाठी शुल्कमाफी.* ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती २०२४-२५ पासून लागू झाली. पूर्वी ही सवलत निम्मी होती. आपल्या मुलींसाठी ही फार मोठी संधी आहे.

*राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती.* खुल्या प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शुल्काचा निम्मा भार या योजनेतून उचलला जातो. कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरताच हा लाभ आहे.

*राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती.* उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. प्रत्येक समाजासाठी संख्या ठरलेली असल्याने पात्र असलेल्या प्रत्येकाला ती मिळतेच असे नाही. तरीही अर्ज न करणाऱ्याला ती निश्चितच मिळत नाही.

*केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या.* सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००७-०८ पासून सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर व गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्तींचा लाभ आपल्या अनेक मुलामुलींनी घेतला. त्यामुळे आजही पालक त्यांची चौकशी करतात. या योजनांना मिळालेली मंजुरी २०२१-२२ पर्यंतची होती. म्हणून त्यांच्या भरवशावर प्रवेशाचे नियोजन करू नये. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर चालू वर्षाच्या यादीत त्यांचे नाव असेल तरच अर्ज भरावा.

*केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती.* ही योजना जातीधर्मावर अवलंबून नाही, म्हणूनच बहुधा आपल्याकडे तिचा विसर पडतो. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना ती दिली जाते व त्यांतील निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत प्रतिवर्षी १२,००० रुपये व पदव्युत्तर स्तरावर २०,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा साडेचार लाखांची आहे. बारावीला ८० पर्सेंटाइलच्या वर असावे अशी अट आहे. याचा अर्थ ८० टक्के गुण असा नव्हे. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या सुमारे एकपंचमांश विद्यार्थ्यांत आपण असलो पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. कला शाखेची मुलगी ८० टक्क्यांहून कमी गुण असूनही त्यात बसू शकते. दुसरी शिष्यवृत्ती घेत असल्यास ही मिळत नाही.

*प्रगती शिष्यवृत्ती.* तांत्रिक पदविका वा पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलींना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून प्रतिवर्षी ५०,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो.

प्रवेश घेतानाच घडणारी चूक

अनेकदा शिष्यवृत्ती अर्जाच्या वेळी नव्हे, तर प्रवेशाच्या वेळीच हातची जाते. राज्याच्या शुल्कविषयक सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी असतात. व्यवस्थापन कोट्यातून अथवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला की ही सवलत सामान्यतः मिळत नाही. खासगी विद्यापीठे व अभिमत विद्यापीठे मुलींच्या शुल्कमाफीतून वगळलेली आहेत. जाहिरात पाहून, एजंटाच्या सांगण्यावरून घाईने घेतलेला प्रवेश पुढे लाखो रुपयांना पडतो.

म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात तीन प्रश्न विचारावेत. हा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून नोंदला जाईल काय? हा अभ्यासक्रम महाडीबीटी पोर्टलवर आहे काय? माझ्या प्रवर्गासाठी आता किती रक्कम भरावयाची आणि किती शासनाकडून येणार? उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसरे महाविद्यालय पाहावे. तंत्रशिक्षणाच्या संस्थांमध्ये शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के अतिरिक्त जागा असतात. प्रवेशाच्या अर्जातच तो पर्याय निवडावा लागतो, नंतर तो मिळत नाही.

कागदपत्रे : फेब्रुवारीपासून तयारी

निकालानंतर तहसील कार्यालयात व सेवा केंद्रांवर किती गर्दी असते हे सर्वांना ठाऊक आहे. लासूर स्टेशनच्या रहिवाशांना उत्पन्न, अधिवास व जातीच्या प्रमाणपत्रांसाठी गंगापूर तालुक्याच्या कार्यालयाशी संबंध येतो. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातूनही करता येतो. परंतु तलाठ्याचा अहवाल, त्रुटी, पुन्हा अर्ज यांत आठवडे जातात. म्हणून बारावीच्या परीक्षेपूर्वीच कामाला लागावे. साधारणतः पुढील कागद लागतात :

१. तहसीलदारांनी दिलेले उत्पन्नाचे प्रमाणपत्र. त्याची मुदत तपासून पाहावी.
२. अधिवास प्रमाणपत्र.
३. दहावी, बारावीच्या गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला.
४. लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र.
५. शिधापत्रिका, आधार कार्ड व विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते.
६. प्रवेशाचे वाटपपत्र व शुल्क भरल्याची पावती.
७. शिक्षणात खंड पडला असल्यास खंड प्रमाणपत्र. वडील हयात नसल्यास मृत्यूचा दाखला.
८. अल्पसंख्याक असल्याचे स्वयंघोषणापत्र.

जात प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची मानली जाते. त्यापूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते व त्याची जात काय होती हे दाखवावे लागते. अनुसूचित जमातींसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुने महसुली कागद अनेकदा उर्दूत असतात. ते भाषांतर करून घ्यावे लागतात. आजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा हा भक्कम पुरावा ठरतो. आपले पूर्वज मिशनच्या शाळेत शिकले असतील तर त्या शाळेत चौकशी करावी. स्नानसंस्काराची जुनी नोंद ही कुटुंबातील नावे व नाती जुळविण्यास साहाय्यभूत ठरू शकते. धर्मगुरूंकडे अशा उताऱ्याची विनंती अगदी शेवटच्या दिवशी करू नये. जुन्या नोंदवह्या चाळण्यास वेळ लागतो.

अर्ज भरताना

राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर व केंद्राचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरले जातात. राष्ट्रीय पोर्टलवर आता प्रथम एकवेळची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक शिक्षण संपेपर्यंत जपून ठेवावा.

अर्ज शक्यतो विद्यार्थ्याने स्वतः भरावा. सायबर कॅफेत भरल्यास मोबाइल क्रमांक मात्र घरचाच द्यावा. कॅफेवाल्याने सोयीसाठी स्वतःचा क्रमांक टाकला, की अर्ज परत आल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड वहीत लिहून ठेवावे. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नये.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या समाजात दाखल्यावर एक नाव, आधारवर संत-नावासह दुसरे नाव आणि बँकेत तिसरेच स्पेलिंग असे वारंवार घडते. तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखे असले पाहिजे.

अर्ज सादर केला म्हणजे काम संपले असे समजू नये. तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, नंतर प्राचार्यांकडे आणि तेथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर तो त्रुटीसह परत येऊ शकतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहावी व त्रुटी मुदतीच्या आत दूर करावी. छापील प्रत महाविद्यालयात देऊन पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे सिद्ध करणे अवघड जाते.

पैसे अडतात कोठे?

आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीचा अर्ज मंजूर झाला, तशी नोंद पोर्टलवर दिसू लागली, पण खात्यात काही जमा होईना. महिन्याभराच्या फेऱ्यांनंतर उलगडा झाला. ती शाळेत असताना एका बँकेत तिचे खाते उघडले होते आणि आधार त्या खात्याला जोडलेले होते. रक्कम तेथेच गेली होती. व्यवहार नसल्याने ते खाते निष्क्रिय झाले होते.

थेट लाभ हस्तांतरणात रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते असे नसून, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. एकाहून अधिक खाती असल्यास शेवटी जोडलेले खाते ग्राह्य धरले जाते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी बँकेत जाऊन माझे आधार याच खात्याशी थेट लाभासाठी जोडलेले आहे काय, असे विचारून घ्यावे. केवळ केवायसीसाठी आधार दिले असणे पुरेसे नाही. खात्यात अधूनमधून थोडाफार व्यवहार ठेवावा.

रक्कम बहुधा दोन हप्त्यांत व उशिरा येते. तोपर्यंत महाविद्यालय फीसाठी तगादा लावू शकते. अशा वेळी अर्जाची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी विनंती करावी आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी. ज्या खात्यात शिक्षण शुल्काची रक्कम आली, तिच्यातून महाविद्यालयाची बाकी आधी भरावी. हा पैसा घरच्या अडचणीत खर्च झाला, तर पुढील वर्षी परीक्षेचा अर्ज अडतो. घरी कोणी आजारी असताना हे पाळणे किती अवघड आहे याची आम्हाला जाणीव आहे, तरीही सांगावेसे वाटते.

मिळालेली शिष्यवृत्ती टिकविण्यासाठी

बहुतेक शिष्यवृत्त्या दरवर्षी नव्याने टिकवाव्या लागतात. पहिल्या वर्षी मंजुरी मिळाली म्हणजे पदवीपर्यंतची चिंता मिटली, हा समज चुकीचा आहे. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट नूतनीकरणाची. दरवर्षी मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तो आपोआप होत नाही. पोर्टलवर नवा अर्ज आणि नूतनीकरण हे दोन वेगळे पर्याय आहेत. चुकीचा पर्याय निवडल्यास अर्ज बाद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट उपस्थितीची. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी ७५ टक्के उपस्थिती व ५० टक्के गुण लागतात. शाहू महाराज योजनेत मागील सत्रात किमान ५० टक्के उपस्थितीची अट आहे. कांदा काढणीच्या दिवसांत आपली मुले आठवडेच्या आठवडे शेतात असतात. पालकांनी वर्षाच्या आरंभीच दिवसांचा हिशेब मांडून ठेवला तर दोन्ही साधता येते.

तिसरी गोष्ट निकालाची. परीक्षेला बसणे अनिवार्य आहे. अनुत्तीर्ण होऊन त्याच वर्षात पुन्हा बसावे लागल्यास त्या वर्षासाठी साहाय्य सामान्यतः दुसऱ्यांदा मिळत नाही. एटीकेटीसह पुढील वर्षात प्रवेश मिळाला असेल तर काय, याचे उत्तर प्रत्येक योजनेत वेगळे आहे. म्हणून निराश होऊन अर्ज सोडून देण्यापूर्वी नियम वाचावा.

चौथी गोष्ट खंडाची. शाहू महाराज योजनेत शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडल्यास पात्रता जाते. आजारपण, प्रसूती, घरातील मृत्यू अशा कारणाने एखादे वर्ष थांबावे लागल्यास महाविद्यालयाला लेखी कळवावे व प्रमाणपत्र जपून ठेवावे.

पाचवी गोष्ट अभ्यासक्रम बदलण्याची. मध्येच शाखा वा महाविद्यालय बदलल्यास चालू शिष्यवृत्ती बंद होऊ शकते. बदल करण्यापूर्वी कार्यालयात विचारणा करावी, नंतर नव्हे.

सहावी गोष्ट दुहेरी लाभाची. एकाच खर्चासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. दोन्ही मंजूर झाल्यास जास्त लाभाची व अधिक वर्षे चालणारी एक निवडून दुसरी लेखी नाकारावी. गप्प राहून दोन्ही घेतल्यास वसुली होते.

फीशिवायचा खर्च

फी माफ झाली तरी प्रवास, राहणे आणि जेवण हा खर्च उरतोच. लासूरहून शहरात रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी रेल्वेच्या विद्यार्थी सवलतीच्या मासिक पासाचा उपयोग करावा. मुलींना पदवीपर्यंत घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा पास विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी महाविद्यालयाकडून ठरावीक नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो. एस.टी. महामंडळाच्या पासावरही विद्यार्थ्यांना मोठी सवलत आहे.

शहरात राहून शिकावयाचे असल्यास प्रथम शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे प्रवेश न मिळालेल्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहावी. विद्यापीठातील कमवा व शिका योजनेत काही तास काम करून शिकण्याची सोय आहे. त्या कामात कमीपणा मानू नये.

एवढे करूनही रक्कम अपुरी पडली तरच कर्जाचा विचार करावा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असतानाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे. खासगी सावकाराकडून किंवा मोबाइलवरील कर्जाच्या ॲपवरून फीसाठी पैसे उचलू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आपण एकत्र काय करू शकतो?

शासनाची योजना कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, तेथे प्रवर्ग, वाटपपत्र, नूतनीकरण हे शब्दच परके असतात. ज्यांनी शिष्यवृत्तीवर शिक्षण पूर्ण केले आहे, असे तरुण आता आपल्या गावागावांत आहेत. त्यांनी जून व जुलै महिन्यांत रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसून दोन-दोन मुलांचे अर्ज तपासून दिले, तरी पुष्कळ काम होईल. तरुण संघाने अर्जांच्या अंतिम तारखा चर्चच्या फलकावर लावाव्यात. दहावीत असलेल्या मुलांच्या दाखल्यांची तपासणी वर्षाच्या प्रारंभीच करून घ्यावी, म्हणजे दुरुस्तीस वेळ राहील. शिक्षिका असलेल्या धर्मभगिनींचे साहाय्य यात फार मोलाचे ठरेल.

पालकांनाही एक विनंती. मुलीच्या नावाची एक फाइल आजच करा. तिच्यात प्रत्येक कागदाच्या मूळ प्रतीसह तीन-तीन छायाप्रती ठेवा आणि वर एका कागदावर पुढच्या तीन तारखा लिहा : उत्पन्नाच्या प्रमाणपत्राची मुदत, अर्जाची अंतिम तारीख आणि नूतनीकरणाची तारीख. ही फाइल घरातील जमिनीच्या कागदांजवळच ठेवावी. जमिनीइतकीच ती मोलाची आहे.

या वर्षी आपल्या परिसरातून एकही मूल केवळ कागदाअभावी घरी बसू नये, हीच आमची प्रार्थना व अपेक्षा आहे. सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!